घोड्याच्या केसाचा गळ

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सात गळ बांधायला घेतले, पाच जमले. चार महिन्यांत बोटं विसरली! चातुर्मासात मी नदीकडे फिरकत नाही, तेवढा नेम अजून तरी पाळतो.

दुपारी गोडाऊनमध्ये ठिबकच्या पाइपांच्या गुंडाळ्यांमागे बसलो. दीपाचा फोन आला तर माल मोजतोय म्हणायचं. बायकोशी खोटं बोलायची इतकी सवय झाली आहे की आता आवाजही बदलत नाही.

इमामचाचांनी शिकवलेली बांधणी. गळाच्या दांडीला घोड्याच्या शेपटीचा एक केस धरायचा, त्यावरून दोऱ्याचे सात वेढे घट्ट ओढायचे, टोक परत नेढ्यातून काढायचं. केस खाली लोंबता ठेवायचा, त्याला बारीक फास. उकडलेला हरभरा सुईने केसावर ओवायचा आणि फासात खराट्याच्या काडीचा तुकडा अडकवायचा, म्हणजे दाणा निसटत नाही. दाणा आणि गळ यांच्यात तांदळाएवढी फट. गळ दाण्याला टोचतच नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो, असा उघडा गळ कोणता मासा धरेल? चाचा म्हणाले होते, "खडस शाणा हाय. दाणा तोंडात घेतो, चव बघतो आन् थुकतो. थुकताना गळ लागतो."

गांडूळ नाही, कोळंबी नाही. हरभरा, गूळ, शेंगपेंड. आमच्या घरात कांदा येत नाही आणि मी गळ बांधतो! कुणाला सांगायची सोय नाही म्हणून ही वही, तीही कोटेशनच्या फायलीत लपवलेली.

पण माझा एक नियम आहे, तो चाचांसमोर पहिल्याच दिवशी बोललो आहे. माझ्या गळाला आलेला मासा मरता कामा नये. एक जरी मेला तर काठी मोडून टाकीन. आजवर सदतीस खडस. सदतीसही पाण्यात परत.

घरात हे फक्त अरिहंतला ठाऊक. गेल्या हिवाळ्यात माझ्या खिशात काडी लावलेले हरभरे सापडले तेव्हा त्याला सांगावं लागलं. धाकटा भाऊ, ओरडेल असं वाटलं होतं. उलट त्यानेच आज सकाळी आठवणीने हरभरे भिजत घातले. "दादा, परवा रविवार."

९ नोव्हेंबर, रविवार

अडतीस!

बालिंग्याच्या पुलाच्या वर, आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पंपाखालचा डोह. चाचा तिथे पंपाची राखण करतात. तिथल्याच खोलीत राहतात, साठी ओलांडली तरी पाठ ताठ. मला पाहून म्हणाले, लई वाळलाय, घरात जेवायला घालत न्हाईत व्हय? चार महिन्यांनी भेटलो तरी पहिलं वाक्य हेच.

साडेतीनला काठी टाकली, साडेचारला वाकली. खडस म्हणजे नुसती ताकद. दगडांच्या दिशेने असा पळतो की हात खांद्यातून उपटून निघेल. वीस मिनिटं. दुकान, उधाऱ्या, आईचे, म्हणजे आमच्या आक्काचे, गुडघे, काही म्हणजे काही डोक्यात राहिलं नाही. काठावर आला तेव्हा ओठाच्या चारही मिशा हलत होत्या, आणि अंगठ्याएवढे खवले, पितळेच्या भांड्यासारखे. गळ बरोबर ओठाच्या कडेला. चिमटीने काढला, थेंबभर रक्त. म्हणजे मी अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही, हे मला कळतं.

दमलेला मासा लगेच सोडला तर उलटा होऊन वाहत जातो. म्हणून चाचांची जाळीची मोठी पिशवी पाण्यात बांधलेली असते, त्यात त्याला तासभर दम घेऊ द्यायचा आणि मग तोंड उघडायचं. तो तास माझ्या नशिबात नाही. सव्वापाचला निघावंच लागतं, कारण सूर्य मावळायच्या आत ताटावर बसायचं. आमच्याकडे दिवा लागल्यावर चूल नाही. आजवर एकदाही मासा पाण्यात परत जाताना मी पाहिलेला नाही. चाचा सोडतात. "तुमी जावा, सूर्य काय थांबत न्हाय," असं दर वेळी म्हणतात आणि पिशवीपाशी बसतात.

पावणेसहाला ताटावर. अरिहंतचं ताट नव्हतं. त्याचं रविवारचं एकाशन आजपासून पुन्हा सुरू. सकाळी एकदाच जेवतो, संध्याकाळी कुठल्याशा मंदिरात बसतो आणि आठला घरी येतो. आल्या आल्या थंड पाण्याने आंघोळ, मग थेट झोप. वर्ष झालं. चातुर्मासात जग उपास धरतं, याने पित्ताचं निमित्त करून सोडला होता! मी चिडवलं तर आक्का माझ्यावरच घसरली. तुझ्याच्याने एक दिवस होणार आहे का म्हणाली. ती चुकीचं काय म्हणाली?

११ नोव्हेंबर, मंगळवार

खांदा अजून दुखतो. छान वाटतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकोणचाळीस. पण मन लागत नाही.

आज चुकलं. दाणा आणि गळ यांच्यातली फट मी जास्त ठेवली होती. केस लांब झाला, माशाने दाणा पार आत ओढला आणि गळ घशाशी रुतला. मोठा होता, चार किलोच्या पुढे. चिमटा आत घालवेना. तरी मी दोरा ओढायला लागलो. चाचांनी हात धरला आणि म्हणाले, वढू नका, कापा. दोरा गळाजवळ कापला. गळ आणि केस आतच राहिले. लोखंड आहे, महिन्याभरात गंजून गळून पडेल, माशाला खाता येईल, असं ते म्हणाले. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, त्याच घोड्याच्या शेपटीचे केस त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले आहेत. वडील असंच करायचे म्हणे.

पिशवीत ठेवला. नीट उभा होता, कल्ले हलत होते. घड्याळ बघत बघत निघालो. वरणभात गिळला आणि आक्का विचारते, तब्येत बरी नाही का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

चाचांना फोन केला. "गेला त्यो पाण्यात. बिनघोर ऱ्हावा." 

देवासमोर दोन मिनिटं जास्त उभा राहिलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाळीस. लहानच, किलोभर. गळ ओठालाच. या वेळी फट मापून ठेवली होती, तांदळाचा दाणा लावून!

निघताना चाचांनी स्वतः बांधलेले सहा गळ दिले, वर्तमानपत्राच्या घडीत. माझ्या बांधणीपेक्षा शंभर पटीने सुबक. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात आणि केस ओढतात असा की सोनाराने पाहावं. घोड्याचे केस संपत आलेत, म्हणाले. हे गळ जपून वापरा.

माझे वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्यांनी मला काही शिकवल्याचं आठवत नाही, दुकानातलंसुद्धा. हे इथेच लिहितो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहायलाही हात होत नाही. तरी लिहितो.

सकाळी राजवीर आला. आमच्याकडून पाइप नेणारा प्लंबर, बडबड्या. मी आणि अरिहंत दोघेही काउंटरवर होतो. बिल करता करता त्याने पाकिटातून कागदाची पुडी काढली आणि काचेवर उघडली. गंमत दाखवतो म्हणाला.

गळ. दांडीवर सात वेढे. खाली लोंबता काळा केस, टोकाला फास, फासात खराट्याच्या काडीचा तुकडा.

माझा गळ. वेढे थोडे तिरके येतात माझे. दुनियेत कुणाचे तसे येत नसतील.

राजवीर सांगत होता, मी काचेकडे बघत होतो. गगनबावडा रोडला एक ढाबा आहे, रविवारी तो तिथे जेवायला जातो. दर रविवारी कोणीतरी शेठ ताजा खडस घेऊन येतो, मागच्या दाराने आतल्या खोलीत जातो आणि तळून घेऊन खातो, तोंड काही राजवीरला कधी दिसलेलं नाही. डोकं त्याला चालत नाही. ते ढाबेवाला कालवणात घालतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाढतो. मागच्याच्या मागच्या रविवारी राजवीरच्या ताटात डोकं आलं आणि दाताखाली हे.

"तुमच्यात चालत न्हाय म्हाईत हाय की. पर असला गळ कधी बघितलाय का, पारसशेठ? केसाला दाणा! मी म्हटलं दाखवू तरी."

मी म्हणालो, नाही बघितला. असं म्हणालो मी! अरिहंत पाइप मोजायला मागे गेला, बराच वेळ आला नाही. बिचारा. माझा चेहरा त्याने पाहिला असणार.

गळ राजवीरकडून मागून घेतला. गल्ल्यात ठेवला आहे. दुपारपासून तीनदा उघडून बघितला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोळा तारखेचा रविवार. मी सव्वापाचला पिशवीत ठेवलेला मासा आणि त्याच रविवारी ताटात आलेलं त्याचं डोकं. यात समजून घ्यायला काही उरत नाही. आणि राजवीर म्हणाला दर रविवारी. दर!

म्हणजे "तुमी जावा, सूर्य काय थांबत न्हाय" याचा अर्थ काय होता? माझं ताट, माझा सूर्य, माझा धर्म, हीच त्यांची सोय. मी निघालो की माल तयार. शेठ येणार, पिशवी उचलणार. आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर, बिनघोर ऱ्हावा!

चाळीस. मी मोजत बसलो होतो मूर्खासारखा. सोडलेले मोजतोय असं वाटत होतं.

जिनेंद्रासमोर उभं राहवलं नाही आज. बाहेरूनच हात जोडले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अरिहंतशी बोललो. दुसरं आहे कोण? त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "दादा, तू माणसांवर लई विश्वास टाकतोस." इतकंच. मला भरून आलं. लहानपणी मी त्याला सायकल शिकवली, आज तो माझ्या पाठीवर हात ठेवतो.

म्हणाला, भांडण करू नकोस, तुझंच नाव बाहेर येईल. जायचं बंद कर आणि सोडून दे.

सोडून कसं देऊ?

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो. काठी नेली नाही.

चाचांनी चहा ठेवला होता. मी कप घेतला नाही. गळ त्यांच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, हा कुणाचा? त्यांनी चष्मा लावला, केस बोटाने सरळ केला. तुमचाच की, म्हणाले, त्या मोठ्याच्या घशात ऱ्हायलेला. कुठं घावला?

ढाब्यावर, म्हणालो. ताटात.

त्यांनी गळ पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाले की सोडलेला मासा पुढं कुणाच्या जाळ्यात गेला असंल, नदी काय आपल्या एकट्याची न्हाय. इतक्या शांतपणे म्हणाले की माझं डोकं फिरलं. त्याच रात्री कसा गेला, हे मी विचारायला हवं होतं. दर रविवारचं सांगायला हवं होतं. एकच विचारलं.

"तुमच्या हातानं सोडला का? एवढंच सांगा."

खोटं बोलतील असं वाटलं होतं. बोलले असते तर कदाचित मी मान्यही केलं असतं.

"माज्या हातानं न्हाय."

"मग कुणाच्या?"

"ते मी सांगनार न्हाय. शबूद दिलाय."

शब्द! ढाब्यावरच्या शेठला दिलेला शब्द पाळायचा आणि मला दिलेला? मी पहिल्या दिवशी काय बोललो होतो, ते ऐकून यांनी मान हलवली होती की नाही? मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिणार नाही. एक लिहितो, कारण ते पुसून जाणार नाही. तुम्ही माझ्या हातून चाळीस जीव घेतलेत, असं म्हणालो. ते उभे होते. शेवटी म्हणाले, "पारसभाऊ, तुमी रागात हाय. सूर्य खाली गेलाय, घरला जावा."

तेच वाक्य!

परत येताना खंडोबाच्या माळाजवळ गाडी थांबवून रडलो. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते, मग जेवलोच नाही. आक्काला वाटलं मीही नेम धरला. खूष झाली. अरिहंत त्याच वेळी घरात होता. ताटावरून उठला होता, म्हणाला की आज पित्त उसळलंय, एकाशन नाही झालं.

१ डिसेंबर, सोमवार

संस्थेच्या आण्णांकडे गेलो. ते अध्यक्ष, मी कमिटीवर. मासे, गळ यातलं काही सांगता येत नव्हतं. सांगितलं तर पहिला मीच उघडा पडतो. म्हणून एवढंच सांगितलं की इमामचाचा रोज संध्याकाळी अर्धा तास पंपाची खोली बंद करून जातात, मोटारीला काही झालं तर जबाबदार कोण?

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजला जातात. सायकलवरून गावात, आणि परत. वीस वर्षं जातात. आण्णांना माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण कमिटीतल्या माणसाने तोंडी तक्रार केली की माहीत असलेल्या गोष्टीचंही प्रकरण होतं.

खोटं काही बोललो नाही. अरिहंतच म्हणाला होता, आण्णांच्या कानावर घाल.

५ डिसेंबर, शुक्रवार

चाचांना काढलं. खोली रिकामी करून मुरगूडला लेकीकडे गेले म्हणे.

बरं वाटेल असं वाटलं होतं.

७ डिसेंबर, रविवार

पहिला रविवार, घरी. साडेतीन वाजले आणि उजवा हात आपोआप मुठीत गेला. टीव्ही लावला. दीपा म्हणाली, आज शेतावर नाही गेलात? रविवारी मी शेतावरच जातो अशी तिची समजूत आहे ना!

संध्याकाळी सगळे एकत्र जेवलो. अरिहंतसुद्धा. पित्त अजून आहे. आक्काचा चेहरा उतरला होता. वर्षभराचा नेम मोडला पोराने, देवाला काय वाटेल. तो भेंडी चिवडत बसला. धड खाल्लं नाही त्याने.

१० डिसेंबर, बुधवार

वर्तमानपत्राच्या घडीतले सहा गळ सापडले. जाळायला घेतले. केस जळताना वास येतो म्हणून थांबलो, दीपा विचारेल. हे कारण खरं की खोटं, मला ठरवता येत नाही.

त्या माणसाने मला फसवलं. तरी त्याच्या हातची गाठ बघितली की हात आखडतो. याचाच जास्त राग येतो. परक्याने फसवलं असतं तर शिवी देऊन मोकळा झालो असतो.

१४ डिसेंबर, रविवार

अरिहंत दुपारी म्हणाला, चल दादा, नदीवर जाऊन ये. आता तर तिथे कुणी नाही, उलट बरं. त्याने हरभरेही भिजवून ठेवले होते. माझी काळजी करणारं हे एकच माणूस.

नको म्हणालो. काठी मोडायची बाकी आहे, तो नियम आहे माझा. तर तो पटकन म्हणाला, मोडू नकोस, ठेव. मग जरा चिडला. उगाच इतकं मनाला लावून घेतोस, शेवटी मासाच तो! मी चमकून पाहिलं. तो वळून निघून गेला. थकला असेल. दोन्ही वेळचं घरीच जेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पंपावर नवा माणूस आहे, पोरगेलासा. नमाज नाही, पूजा नाही, मोबाइल आहे. शेताला पाणी दोन दिवस उशिरा. आण्णा मलाच हसत म्हणाले, तुमच्याच तक्रारीचं पाणी प्या.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज विचार केला, चाचांना कितीसे पैसे मिळाले असतील? किलोभर माशाचे? डोळ्यांनी दिसत नसताना रात्र रात्र गळ बांधून देणारा माणूस तेवढ्यासाठी विकला जातो? मग स्वतःलाच झापलं. मूर्खासारखा विचार करू नकोस, पारस. गळ काचेवर पडला होता ना? माज्या हातानं न्हाय, हे त्यांनीच तोंडाने सांगितलं ना?

फसवणारा माणूस वाईटच दिसावा, अशी आपली इच्छा असते. तो चहा ठेवून वाट बघत असला की सगळी पंचाईत होते.

२८ डिसेंबर, रविवार

काठी मोडली. गुडघ्यावर ठेवली आणि मोडली. पहिल्यांदा मोडेना, दुसऱ्यांदा मोडली. तुकडे गोडाऊनच्या माळ्यावर.

जेवताना आक्का अरिहंतला म्हणते, पुढच्या चातुर्मासात पुन्हा नेम धर. तो हं म्हणाला.

६ जानेवारी, मंगळवार

अरिहंत साइटवर होता. दुकानात एक बाई आली. मेहक, चाचांची लेक. मी उभाच राहिलो. भांडायला आली असं वाटलं. तिने काखेतून गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली. जाळीची पिशवी.

"कोपऱ्याला भोक पडलतं, अब्बांनी शिवून दिलीय. तुमच्या धाकट्या भावाला द्या म्हणालेत. रविवारचा मासा सोडायचा नेम त्येंचा हाय न्हवं? अब्बांस्नी नमाजला लावून द्यायचे आन् सोताच्या हातानं सोडायचे. नेम बोलला की पुण्य जातं म्हणून कुनाला सांगायचं न्हवतं, पर तुमी तर सख्खं भाऊ. अब्बा तितं न्हाईत म्हणून त्येंचा नेम चुकू ने, एवढंच."

चहा घ्या म्हणालो. एसटी आहे म्हणाली, गेली.

पिशवी काउंटरवर आहे. टाके बारीक, एकसारखे, घोड्याच्या केसाचे. डब्यातले शेवटचे असणार.

मी नदी सोडली, त्या रविवारपासून अरिहंत घरी जेवतोय.